‘ओसाड’ आणि ‘मध्ययुगीन’ : फ्रान्समधील ग्रां कॉस पठारावरील सायकलपर्यटनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

दक्षिण फ्रान्समधील ग्रां कॉस हा चुनखडीच्या पठारांचा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्यटनाच्या नकाशावर आला. खोल घळया, भूमिगत गुहा आणि तटबंदीची जुनी गावे ही त्याची ख्याती होय. सायकलवरून भटकंती करणाऱ्या प्रवाशांना हा प्रदेश आरंभापासून आकर्षित करीत आला आहे. त्याच्या वर्णनात ‘ओसाड’ आणि ‘मध्ययुगीन’ ही दोन विशेषणे वारंवार आढळतात. ही विशेषणे वस्तुस्थितीला धरून नाहीत, आणि इतिहासात त्यांची किंमत स्थानिक शेतकऱ्यांना मोजावी लागली, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे. सायकलप्रवासाने ही दृष्टी घडविण्यास हातभार लावला, तसेच ती तपासून पाहण्याचे साधनही पुरविले, हा या निबंधाचा मुख्य निष्कर्ष आहे.

बीजशब्द : ग्रां कॉस, लार्झाक, सायकलपर्यटन, पशुपालन, सांस्कृतिक भूदृश्य, अहिंसक प्रतिकार.

१. प्रस्तावना

प्रवासवर्णन हे इतिहासलेखनाचे एक मान्य साधन आहे. परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांवरून आपण बाजारपेठा, करपद्धती आणि लोकाचार यांविषयी अनुमाने काढतो. मात्र प्रवासी काय पाहतो याची चर्चा जितकी होते, तितकी तो कोणत्या वाहनातून आणि किती वेगाने पाहतो याची होत नाही. बैलगाडी, आगगाडी, मोटार आणि सायकल या प्रत्येक वाहनातून दिसणारा प्रदेश वेगळा असतो. हा मुद्दा तपासण्यासाठी प्रस्तुत निबंधात ग्रां कॉस या प्रदेशाची निवड केली आहे.

फ्रान्सच्या मध्यभागातील मासिफ सांत्राल या उंच प्रदेशाच्या दक्षिण टोकास हा पठारसमूह वसलेला आहे. ‘कॉस’ हा तेथील ऑक्सितान भाषेतील शब्द असून त्याचे मूळ चुना या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. सोव्हतेर, मेज्याँ, नुआर आणि लार्झाक ही त्यातील चार मोठी पठारे होत. लॉत, तार्न, जोंत आणि दुर्बी या नद्यांच्या खोऱ्यांनी ती एकमेकांपासून तोडली आहेत. मियो हे या प्रदेशाचे प्रमुख शहर होय.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) पठारावरील वस्ती व पाणी यांचा संबंध ऐतिहासिक दृष्टीने मांडणे.
(२) सायकलपर्यटनाचा उदय आणि या प्रदेशाची बाह्य जगातील प्रतिमा यांचा परस्परसंबंध पाहणे.
(३) त्या प्रतिमेचे राजकीय परिणाम १९७१ ते १९८१ या काळातील लार्झाक आंदोलनाच्या आधारे स्पष्ट करणे.

निबंध प्रकाशित साधने व नकाशांचे वाचन यांवर आधारलेला असून मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. मियोपासून लार्झाक, तेथून दुर्बीचे खोरे, कॉस नुआर, जोंतची घळई, कॉस मेज्याँ आणि शेवटी तार्नची घळई हा सायकलस्वारास शक्य असलेला मार्ग विवेचनाचा आधार म्हणून डोळ्यांसमोर ठेवला आहे.

३. खडक, पाणी आणि वस्ती

ग्रां कॉसची पठारे ज्युरासिक काळातील चुनखडी व डोलोमाइट या खडकांची आहेत. चुनखडीचा गुणधर्म असा की, पावसाचे पाणी तिच्यावर टिकत नाही. किंचित आम्लधर्मी असलेले हे पाणी खडक विरघळवीत भेगांतून खाली जाते, जमिनीखाली गुहा व प्रवाह निर्माण करते आणि घळईच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. म्हणून पाऊस पडूनही पठारावर वाहती नदी नाही. वर कोरडे माळ आणि चारशे-पाचशे मीटर खाली हिरवी घळई, असे या प्रदेशाचे स्वरूप त्यामुळे झाले आहे.

वरवर पाहणाऱ्यास हा माळ निसर्गतःच उजाड वाटतो. वस्तुतः येथे पूर्वी विस्तृत वने होती. ती हटवून मानवाने नवाश्मयुगापासून येथे शेती व पशुपालन केले. या परिसरात विखुरलेल्या असंख्य महापाषाणीय शिलासमाधी प्राचीन वस्तीची साक्ष देतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मियोजवळील ला ग्रोफेझांक येथील कुंभारांची लाल चकाकीची भांडी रोमन साम्राज्यात दूरवर जात. अशा भट्ट्यांना मोठ्या प्रमाणावर सरपण लागे. मेंढ्यांच्या शतकानुशतकांच्या चराईमुळे नंतर वने पुन्हा उभी राहिली नाहीत. सारांश, हा उघडा माळ मानवी श्रमाची निर्मिती आहे.

श्रमाच्या खुणा बारकाईने पाहिल्यास सर्वत्र दिसतात. खडक विरघळून तयार झालेल्या बशीसारख्या खळग्यांत तांबडी माती साठते. तेवढ्याच तुकड्यांवर धान्य पिकते. शेतातून वेचलेल्या दगडांचे ढीग आणि विनागाऱ्याच्या भिंती बांधांवर उभ्या आहेत. मेंढ्यांना पाणी मिळावे म्हणून खोलगट जागी चिकणमातीचा थर देऊन, काही ठिकाणी त्यावर दगडी फरसबंदी करून, गोल तळी तयार केली गेली. त्यांना तेथे ‘लाव्होन्य’ म्हणतात. घरांच्या छपरांवरचे पाणी हौदात उतरविण्याची व्यवस्था घरोघरी होती. इमारती लाकूड दुर्मीळ असल्याने घरे दगडी कमानींवर तोलली गेली, छपरेही दगडी फरश्यांची झाली. तळमजल्यावर मेंढ्या व बाहेरच्या जिन्याने वरच्या मजल्यावर माणसे, ही रचना त्यातूनच आली. जेथे थेंबाथेंबाचा असा हिशेब ठेवला गेला, त्या भूमीला ओसाड म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

४. ‘मध्ययुगीन’ गावांची घडण

लार्झाकवरील तटबंदीची गावे आज ‘मध्ययुगीन’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांचा आरंभ बाराव्या शतकात टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघापासून होतो. ११५८-५९ च्या सुमारास सेंत-युलाली येथील मालमत्ता व लार्झाकवरील हक्क त्यांच्याकडे आले. पवित्र भूमीतील मोहिमांसाठी धान्य, लोकर, कातडी, घोडे आणि पैसा पुरविणे हे या ठाण्याचे प्रयोजन होते. पठारावरील शेती व मेंढपाळी अशा रीतीने भूमध्य सागरापलीकडच्या राजकारणाशी जोडली गेली. दूरस्थ व एकाकी भासणारे हे गाव आपल्या काळातील एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे उत्पादनकेंद्र होते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

१३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने टेम्पलरांना अटक केली आणि १३१२ मध्ये पोपने संघ विसर्जित केला. त्यांची मालमत्ता हॉस्पिटलर संघाकडे गेली. आज पर्यटक ज्या तटबंदीकडे टेम्पलरांची म्हणून पाहतो, ती बहुतांशी या दुसऱ्या संघाच्या काळातील आहे. शंभर वर्षांच्या युद्धातील लुटारू टोळ्यांच्या भीतीने ला कुव्हर्तुआराद, ला काव्हालरी आणि सेंत-युलाली येथील तट पंधराव्या शतकाच्या मध्यास उभारले गेले. टेम्पलरांचा किल्ला आणि हॉस्पिटलरांचा तट यांच्यात सुमारे अडीच शतकांचे अंतर असूनही ‘मध्ययुगीन’ या एका शब्दात ते पुसले जाते. सें-जां-दाल्का हे तटबंदीचे गाव तर या दोन्ही संघांचे नव्हते. ते नोनांक येथील जोगिणींच्या मठाच्या ताब्यात होते.

याच काळात पठाराच्या अर्थव्यवस्थेचा आणखी एक आधार दिसतो. कोम्बालू डोंगराच्या नैसर्गिक गुहांत मेंढीच्या दुधाचे रॉकफोर चीज मुरविण्याचा अनन्य हक्क राजा सहावा चार्ल्स याने १४११ मध्ये रॉकफोरच्या रहिवाशांना दिला असे मानले जाते. १९२५ मध्ये या चीजला कायद्याने मूळस्थानदर्शक संरक्षण मिळाले. पठारावरील मेंढपाळी जुन्या काळाचा अवशेष म्हणून उरली नव्हती. ती सनद, बाजार आणि कायदा यांच्याशी सतत जुळवून घेत टिकली, हे यावरून दिसते.

मग गावे जुनी का दिसतात? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तरुण पिढी शहरांकडे गेली. लोकसंख्या घटली, नवी बांधकामे झाली नाहीत आणि जुनी पाडण्याचेही कारण उरले नाही. ज्या अवस्थेला पर्यटक ‘जतन’ म्हणतो, तिच्यामागे स्थलांतराची वेदना आहे.

५. सायकल आणि पठाराचा ‘शोध’

पठाराची लोकवस्ती घटू लागली त्याच सुमारास बाहेरच्या जगाने त्याचा ‘शोध’ लावला. पॅरिसमध्ये वकिली करणारे एदुआर-आल्फ्रेद मार्तेल (१८५९-१९३८) हे या शोधाचे प्रमुख नाव होय. त्यांनी १८८८ मध्ये ब्रामाब्यो येथील भूमिगत नदीचा मार्ग पार केला. या प्रदेशावरील त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. १८९७ मध्ये ल रोझिए येथील लोहार लुई आर्मां यांच्या साहाय्याने मेज्याँ पठाराखालची एक भव्य गुहा प्रकाशात आली. तिच्यात ऊर्ध्वमुखी लवणस्तंभांचे जणू वनच आहे. ‘आव्हेन आर्मां’ या नावाने ओळखली जाणारी ही गुहा १९२७ मध्ये पर्यटकांसाठी खुली झाली. गुहेला लोहाराचे नाव मिळाले, हा त्या काळातील शोधमोहिमांत दुर्मीळ असा सन्मान होय. अन्यथा स्थानिक मेंढपाळ, वाटाडे आणि ला मालेन येथून प्रवाशांना तार्नच्या पात्रातून नेणारे नावाडी बहुधा अनामिकच राहिले.

मार्तेल यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८९० मध्ये, ‘तूरिंग क्लब द फ्रांस’ ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक सायकलस्वार होते आणि इंग्लंडमधील सायकलपर्यटन संस्था हा त्यांचा आदर्श होता. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे एकस्व घेतले आणि त्यानंतर अल्पावधीत सायकल लांबच्या प्रवासाला योग्य झाली. मार्गदर्शिका, दिशाफलक, शिफारसपात्र खानावळी आणि निसर्गरम्य रस्त्यांचा पुरस्कार ही या संस्थेची कामे होत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिची सदस्यसंख्या एक लाखाच्या पुढे गेली.

ग्रां कॉससारख्या प्रदेशात सायकलस्वारापुढील खरी अडचण चढाची होती. घळईच्या तळातून पठारावर चढायचे, दहा-पंधरा किलोमीटर सपाटीवर जायचे आणि दुसऱ्या घळईत उतरून पुन्हा चढायचे, असा हा मार्ग आहे. एकाच गिअरच्या सायकलने हे श्रम फार थोड्यांना झेपले असते. सेंत-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते ओळखले जात. १८८७ मध्ये त्यांनी सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि सामान्य प्रवाशासाठी बदलत्या गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘तूर द फ्रांस’ शर्यतीने गिअर बदलणारे ‘देरायर’ यंत्र १९३७ पर्यंत स्पर्धकांना वापरू दिले नाही. शर्यतीच्या दृष्टीने जे दुबळेपणाचे लक्षण होते, तेच पर्यटकाच्या दृष्टीने डोंगराळ प्रदेशाचे दार उघडणारे साधन ठरले. १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि सायकलवरील सुट्टी मध्यमवर्गापुरती मर्यादित राहिली नाही.

मात्र या पर्यटनाने एक विशिष्ट दृष्टीही रुजविली. प्रवाशाला हवे होते ते दृश्य, विजनता आणि प्राचीनता. कॉस नुआरवरील चित्रविचित्र खडकसमूहाला ‘माँपेलिए-ल-व्हिय’, म्हणजे ‘जुने माँपेलिए’, असे उद्ध्वस्त नगराचे नाव आहे. हे नाव मेंढपाळांच्या कल्पनेतून आले असे सांगतात. पर्यटकांनी ते उचलून धरले. निर्जन खडकांत नगर पाहणाऱ्या याच प्रवाशांना नांदत्या वाड्यांच्या पठारावर मात्र वाळवंट दिसले, हा विरोधाभास बोलका आहे. पुढे तूरिंग क्लबच मोटारपर्यटनाचा समर्थक बनला. विसाव्या शतकाच्या आरंभी तार्नच्या घळईतून रस्ता झाला, नावाड्यांचे महत्त्व घटले आणि घळई हे खिडकीतून पाहायचे दृश्य झाले. १९८३ मध्ये ही संस्था विसर्जित झाली.

६. विशेषणांची किंमत : लार्झाक १९७१-१९८१

‘ओसाड’ आणि ‘मध्ययुगीन’ ही विशेषणे प्रवासवर्णनापुरती राहिली असती, तर त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ती शासनाच्या भाषेतही आली. ला काव्हालरी येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे ३,००० हेक्टरची लष्करी छावणी होती. ऑक्टोबर १९७१ मध्ये संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी ती सुमारे १७,००० हेक्टरपर्यंत वाढविण्याचा निर्णय जाहीर केला. त्याआधीच सत्ताधारी वर्तुळातून या विस्ताराचे समर्थन सुरू झाले होते. जमीन फारशी उत्पादक नाही, तेथे मोजकेच शेतकरी आहेत आणि तेही जवळजवळ मध्ययुगासारखे जगतात, असा त्याचा आशय होता. पर्यटकाच्या कौतुकाचा शब्द येथे जमीन काढून घेण्याचे कारण बनला.

वास्तव याच्या उलट होते. रॉकफोरसाठी दूध पुरविणारे अनेक शेतकरी यांत्रिक दोहन आणि आधुनिक मेंढवाडे स्वीकारत होते. मार्च १९७२ मध्ये १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. त्याच महिन्यात लांझा देल वास्तो यांनी ला काव्हालरी येथे पंधरा दिवसांचे उपोषण आरंभले. या ठिकाणी लार्झाकच्या इतिहासाचा धागा थेट महाराष्ट्राशी जोडला जातो. इटलीत जन्मलेले हे विचारवंत १९३७ मध्ये वर्ध्यास येऊन महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले. १९५४ मध्ये ते पुन्हा भारतात आले आणि विनोबांच्या भूदान पदयात्रेत सहभागी झाले. फ्रान्समध्ये त्यांनी स्थापन केलेला ‘आर्श’ हा आश्रमवजा समुदाय १९६३ पासून लार्झाकच्या दक्षिणेस एरो जिल्ह्यात वसलेला होता. वर्ध्यात घेतलेला अहिंसेचा पाठ अशा मार्गाने फ्रेंच मेंढपाळांपर्यंत पोहोचला.

पुढील दहा वर्षांत आंदोलनाने अनेक रूपे घेतली. ऑक्टोबर १९७२ मध्ये शेतकऱ्यांनी पॅरिसला आयफेल मनोऱ्याखाली मेंढ्या आणल्या. १९७३ च्या जानेवारीत ट्रॅक्टरचा मोर्चा निघाला. ऑगस्टमध्ये पठारावर प्रचंड मेळावा भरला. परवानगीशिवाय ला ब्लाकिएर येथे दगडी मेंढवाडा बांधण्यात आला. १९७८ मध्ये शेतकरी पायी पॅरिसला गेले. अखेर फ्रांस्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जून १९८१ मध्ये विस्तार रद्द झाला. शासनाने आधीच घेतलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन १९८५ मध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने शेतकऱ्यांच्या सामूहिक संस्थेकडे सोपविण्यात आली. मूळ छावणी मात्र कायम राहिली. २०१६ पासून तेथे ‘विदेशी सैन्यदला’चे पथक आहे.

७. वेग आणि वाचन

डिसेंबर २००४ मध्ये मियोचा महासेतू वाहतुकीस खुला झाला. २,४६० मीटर लांबीचा आणि सर्वोच्च टोकापर्यंत ३४३ मीटर उंचीचा हा पूल अभियांत्रिकीचा आदर्श आहे. मोटार त्यावरून तार्नचे खोरे दीड-दोन मिनिटांत ओलांडते. हेच खोरे सायकलने ओलांडायचे, तर उतार व चढ मिळून एक पूर्ण प्रहर लागू शकतो. पूल ओलांडणाऱ्यास दरी ही पोकळी वाटते. सायकलस्वारास मात्र ती बागायती, झरे आणि वस्ती असलेली स्वतंत्र भूमी म्हणून भेटते. सेंत-एनिमीसारखे मठाभोवती वाढलेले गाव घळईतील झऱ्यालगतच का वसले, हे त्याला कोरड्या पठारावरून उतरताना वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी बाब पाण्याची. पठारावर वाहते पाणी नसल्याने सायकलस्वारास आपली बाटली गावातच भरून घ्यावी लागते आणि पुढचे गाव किती दूर आहे याचा हिशेब ठेवावा लागतो. लाव्होन्य, हौद आणि छपरांचे उतार हे त्याच्यासाठी केवळ वास्तुविशेष राहत नाहीत. ती एका सार्वत्रिक गरजेची उत्तरे आहेत, हे त्याला तहानेतून कळते. म्हणून सायकलप्रवास हा, मर्यादित अर्थाने का होईना, ऐतिहासिक क्षेत्राभ्यासाचा एक प्रकार ठरू शकतो. अर्थात सायकलीमुळे दृष्टी आपोआप निर्दोष होत नाही, हे पाचव्या विभागात आलेच आहे. मंद वेग संधी देतो. तिचा उपयोग करावा लागतो.

२०११ मध्ये युनेस्कोने कॉस व सेव्हेन हा सुमारे ३,०२,००० हेक्टरचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित केला. त्याची नोंद ‘भूमध्यसागरी कृषि-पशुपालक सांस्कृतिक भूदृश्य’ अशी आहे. वारशाचा दर्जा येथे किल्ल्यांपेक्षा मेंढपाळीला मिळाला, हे महत्त्वाचे. कारण चराई थांबली तर झुडपे व पाइन वृक्ष पसरून उघडा माळ नाहीसा होतो. येथे जतन करायचे आहे ते एक चालू असलेले काम. काम करणारा माणूस उठून गेला, तर कोणतीही तटबंदी ते वाचवू शकणार नाही.

८. निष्कर्ष

(१) ग्रां कॉसचा उघडा माळ हा निसर्ग व मानवी श्रम यांचा संयुक्त परिणाम आहे. त्यास ‘ओसाड’ म्हणणे अनैतिहासिक ठरते.
(२) ‘मध्ययुगीन’ हे विशेषण वेगवेगळ्या शतकांतील, वेगवेगळ्या संस्थांच्या निर्मितीला एकाच साच्यात बसविते आणि वर्तमानातील रहिवाशांना भूतकाळात ढकलते.
(३) सायकलपर्यटनाने ही प्रतिमा पसरविण्यास हातभार लावला. तथापि चढ, तहान आणि मंद वेग यांमुळे ती तपासण्याची शक्यताही त्याच पर्यटनात आहे.
(४) लार्झाक आंदोलनाने दाखवून दिले की, प्रदेशाचे वर्णन करणारे शब्द त्याच्या मालकीच्या प्रश्नापासून अलिप्त नसतात.

पर्यटनाचा इतिहास शिकविताना स्थळांची यादी व राजवटींचा कालपट एवढ्यावर आपण थांबू नये. एखाद्या गावाला ‘जुने’ आणि एखाद्या माळाला ‘रिकामा’ म्हणण्यापूर्वी तेथे आज मेंढ्या कोण राखतो आणि त्यांना पाणी कोठून मिळते, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारण्याची सवय लागली, तर या अभ्यासाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.